लखलखाट आणि घरचा उजेड

दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या घरांतून जितके फोटो निघतात, तितके उरलेल्या वर्षात क्वचितच निघत असतील. अभ्यंगस्नान करून नवे कपडे घातलेली मुले, ओवाळणारी बहीण, फराळाचे ताट, तुळशीपुढची पणती. काही म्हणून सुटत नाही. पूर्वी घरात एकच कॅमेरा असे आणि तोही कपाटाच्या वरच्या खणात, वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून हात लावायचा नाही अशा बंदोबस्तात. आता माणशी एक कॅमेरा खिशात आहे. पण मौज अशी की, सगळी मंडळी फोटो पाहायला बसली की उद्गार मात्र जुनेच ऐकू येतात. "अगं, पणत्या कुठे गेल्या?" "बाबांच्या तोंडाला पीठ फासल्यासारखे का दिसते आहे?" "मागची भिंत एवढी काळीकुट्ट कशी?"

दोष कॅमेऱ्याचा नसतो. बहुधा बाबांचाही नसतो. दोष असतो उजेडाच्या निवडीचा. घरात फोटो काढताना आपल्या हाताशी दोन जातींचे उजेड असतात. एक तिथे आधीपासून असलेला: दाराखिडक्यांतून येणारा, समईचा, ट्यूबलाइटचा. दुसरा आपण बरोबर घेऊन गेलेला, फ्लॅशचा. पहिला यजमान, दुसरा पाहुणा. पाहुण्याने केव्हा यावे, कोणत्या दाराने यावे आणि यजमानाला बाजूला सारून स्वतःच पाटावर कसे बसू नये, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. ते सांगण्यासाठी मी वाचकांना मुंबई-पुण्याच्या एखाद्या स्टुडिओत नेणार नाही, तर विदर्भातल्या पोहरादेवीला नेणार आहे. कारण घरातल्या फोटोची इतकी कठीण परीक्षा घेणारे दुसरे गाव मला तरी ठाऊक नाही.

आरशांची परीक्षा

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले गाव. बंजारा समाजाची काशी म्हणून ते देशभर ओळखले जाते. जगदंबादेवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी ही तेथली श्रद्धास्थाने. रामनवमीला तेथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातूनही तांड्यातांड्यांवरची माणसे येतात. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरचे मुलूख जोडणारा हा समाज. त्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. ती लदेणी गेली. पण त्या भटकंतीतला एक ठेवा बायकांच्या अंगावर राहिला. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी, आणि डोईवरची टुकरी. या प्रत्येकावर हातांनी घातलेले रंगीत टाके, कवड्या, नाणी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लहान लहान आरसे.

आता फोटो काढणाऱ्याची अडचण पाहा. रामनवमी चैत्रातली. बाहेर विदर्भाचे ऊन डोळे दिपवते आणि मंदिराचा वा घराचा उंबरठा ओलांडला की काही क्षण काहीच दिसत नाही. आपला डोळा हळूहळू सरावतो. अंधारातली आजी, तिच्या मागचा कोनाडा आणि दारातले ऊन ही तिन्ही तो एकदम सांभाळतो. कॅमेऱ्याला ते साधत नाही. दार जमले तर आजी काळी, आजी जमली तर दार पांढरेफटक. मग आपला हात आपसूक फ्लॅशकडे जातो. आणि समोर तर अंगभर आरसे!

आमच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एका बंजारा विद्यार्थिनीने मागे मला एक फोटो दाखवला होता. तिच्या आजीचा, यात्रेला गेले असता एका नातेवाइकाच्या खोलीत रात्री काढलेला. आजी त्यानंतर काही महिन्यांतच गेल्या. तो पोशाख त्यांनी स्वतः टाके घालून अनेक वर्षांत पुरा केला होता आणि तो अंगावर असतानाचा हा एकच फोटो. त्यात काय होते? आरशांच्या जागी पांढरी भोके, मागे काळोख, आणि चेहरा मात्र सावळून गेलेला. "सर, आरसे दिसतात, आजी दिसत नाही," एवढेच ती म्हणाली. घरातल्या बाकीच्या मुलींपैकी तो पोशाख आता कोणी रोज घालीत नाही. म्हणजे जे पुन्हा मिळायचे नाही, नेमके तेच त्या क्षणार्धाच्या लखलखाटाने पुसून टाकले होते.

असे का झाले, हे समजून घेणे अवघड नाही. आरसा स्वतः उजळत नाही. तो समोर जे असेल ते दाखवतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच फ्लॅश असला की कॅमेऱ्याकडे तोंड असलेला प्रत्येक आरसा तो उजेड जसाच्या तसा परत फेकतो. त्याची झाली पांढरी भोके. ज्या आरशांचे तोंड दुसरीकडे आहे त्यांना खोलीतला काळोख दिसतो, म्हणून ते काळे. आणि चेहरा का सावळला? हल्लीचे फ्लॅश आपोआप मोजमाप करतात. समोरून खूप उजेड परत आला की "पुरे झाले" असे समजून ते आपली शक्ती आवरती घेतात. आरशांनी त्यांना चकवले आणि त्याची किंमत आजींच्या चेहऱ्याने मोजली. आपल्याकडे चष्मा, जरीचा पदर, स्टीलची भांडी आणि काचेचे कपाट हेच काम जरा लहान प्रमाणात करीत असतात, एवढाच फरक.

पाहुण्याची कुळकथा

तरीही फ्लॅशला नुसती नावे ठेवणे अन्यायाचे होईल. अंधारात राहणाऱ्या माणसांना जगापुढे आणण्याचे श्रेय त्याचेच आहे. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची पूड आणि इतर द्रव्ये मिसळून भडका देणारी दारू तयार झाली. तिच्याच बळावर जेकब रीस या पत्रकाराने न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांतल्या काळोख्या खोल्यांचे फोटो घेतले आणि १८९० मध्ये त्यांचे पुस्तक काढले. ही दारू धुराची आणि धोक्याची होती. १९२९ मध्ये काचेच्या फुग्यात धातूचा पातळ वर्ख जाळणारा बल्ब बाजारात आला. पण तो एकदा उडाला की संपला. पुढे १९३१ च्या सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा चमकणारा विजेचा फ्लॅश सिद्ध केला. आजचे कॅमेऱ्यावरचे फ्लॅश त्याच वंशातले. मोबाइलमधला बारीक दिवा मात्र त्या घराण्यातला नव्हे; तो एक छोटी विजेरी आहे आणि चार-सहा फुटांपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. स्वातंत्र्याच्या काळातले दिल्लीतले कितीतरी प्रसंग त्यांनी असल्याच एकदा उडणाऱ्या बल्बांच्या भरवशावर टिपले. एक बल्ब म्हणजे एक फोटो. म्हणून बटण दाबण्याआधी विचार करावा लागे.

पुण्याची एक हकिकत तर या विषयावरचा धडाच आहे. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकन छायाचित्रकर्ती गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो घेण्यासाठी पुण्यास आली. आधी सूत कातायला शिका, मग फोटो, असे तिला सांगण्यात आले! ती थोडेबहुत शिकली. गांधीजींना प्रखर उजेड सहन होत नसे, म्हणून तिला तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसरा साधला. तो फोटो आज जगभर ओळखीचा आहे. तो पुन्हा एकदा निरखून पाहा. त्यात खिडकीचा उजेड आहे. फ्लॅशने त्या खिडकीला मारून टाकलेले नाही. नुसता हात दिला आहे. खोली खोलीच राहिली आहे आणि वाचीत बसलेला माणूस त्या खोलीतला वाटतो. पाहुण्याने असे वागावे.

यजमानाला आधी विचारा

तेव्हा पोहरादेवीच्या एखाद्या खोलीत असो की आपल्या दादर-डोंबिवलीच्या घरात, पहिला नियम असा: फ्लॅश लावण्यापूर्वी खोलीत एक फेरी मारा आणि उजेड कुठून येतो ते बघा. दार आहे? मग आजींना दाराच्या आत दोन-तीन हातांवर, दाराकडे एक गाल करून बसवा आणि आपण भिंतीच्या बाजूला उभे राहा. दार मागे घेऊ नका. ते बाजूला राहू द्या. बाजूने येणाऱ्या या उजेडात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हातावरचे गोंदण आणि कापडावरचा उठावदार टाका दिसू लागतो. कारण प्रत्येक उंचवट्याला त्याची लहानशी सावली मिळते. समोरून मारलेला फ्लॅश या सावल्याच खाऊन टाकतो आणि सगळे इस्त्री केल्यासारखे सपाट होते.

आणि आरसे? त्यांना आता फ्लॅशऐवजी दार दिसते. प्रत्येक आरशात एकेक चिमुकले दार उजळते. काही आरसे काळे राहिले तर त्या बाजूला एखादे पांढरे धोतर किंवा चादर दोघांनी ताणून धरावी. त्यांना ती दिसते आणि ते दुधाळ उजळतात. तीच चादर चेहऱ्याच्या काळोख्या बाजूलाही थोडा उजेड परत पाठवते. स्टीलचे ताट मात्र धरू नका. ते चेहऱ्यावर कवडसे पाडते. एक-दोन आरसे झळकलेच तर झळकू द्यावेत. झळकण्यासाठीच ते तिथे टाचले आहेत.

आता थोडे हिशेबाचे. उजेडापासून अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. म्हणून माणसाला खिडकीकडे दोन पावले सरकवणे हे पुष्कळदा महागड्या भिंगापेक्षा गुणकारी ठरते. कॅमेऱ्याचे आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत बेलाशक वाढवावे. फोटोत थोडी रवाळ कुरकुर येईल, पण रवाळ आजी ही हललेल्या आजींपेक्षा शंभर पटींनी बरी. शटर एका सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास असले तर कोपरे बरगड्यांना टेकवून, पाठ खांबाला लावून, श्वास रोखून बटण दाबावे. मोबाइलमधली रात्रीची सोय एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करते. बसलेल्या माणसासाठी ती उत्तम, नाचणाऱ्या मुलासाठी व्यर्थ.

ट्यूबलाइट वा एलईडी दिव्याखाली फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरून जाऊ नये. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, घाईच्या शटरला कळते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर आणले की पट्टे बहुधा जातात.

दोन नळ, एक बादली

पण रात्र असेल, खिडकी नसेल, दिवा एकच आणि तोही माळ्यावर लोंबणारा असेल, तर? तेव्हा फ्लॅश जरूर वापरावा. मात्र एक गुपित ध्यानात ठेवून वापरावा. फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही अल्पकाळाची असते. शटर किती वेळ उघडे आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. ती येते आणि जाते. खोलीतला उजेड मात्र शटर उघडे असेपर्यंत ठिबकत राहतो. म्हणजे एका बादलीवर दोन नळ आहेत. फ्लॅशचा नळ त्याची शक्ती आणि भिंगाचे छिद्र यांवर चालतो. खोलीचा नळ छिद्राबरोबर शटरच्या वेळावरही चालतो. कॅमेरा आपल्या मर्जीवर सोडला तर तो खोलीचा नळ बंद करून फक्त फ्लॅशने बादली भरतो. हीच ती काळीकुट्ट भिंत. तुम्ही शटर सेकंदाच्या पंधराव्या किंवा तिसाव्या भागावर आणा, फ्लॅशची शक्ती निम्म्यावर वा चौथाईवर उतरवा. लगेच समया, पणत्या, मागचा कोनाडा ही सगळी मंडळी फोटोत परत येतात.

दुसरे असे की, फ्लॅश माणसावर रोखू नका. त्याचे तोंड छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा. चुन्याची पांढरी भिंत हीच मग एक मोठी खिडकी होते आणि तिचा मऊ उजेड बाजूने येतो. आरशांतली भोके जातात. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने डोळ्याच्या पडद्यावरचा रक्तवर्ण परत येऊन डोळे लाल दिसतात, तेही टळते. पण भिंतीचा रंग आधी पाहा. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत भिंती निळ्या वा हिरव्या असतात. त्यांवरून परतलेला उजेड माणसाला आजारी करून टाकतो. आणि यात्रेच्या उंच मांडवात छताकडे फ्लॅश उडवणे म्हणजे आभाळाला टॉर्च दाखवणे. तिथे मदतनिसाच्या हातात पांढरा कागद द्यावा आणि त्यावरून उजेड वळवावा.

किती दूरवर फ्लॅश पोहोचेल याचेही गणित सोपे आहे. समजा, फ्लॅशचा गाइड नंबर आयएसओ १०० ला मीटरमध्ये ३२ आहे. माणूस ४ मीटरवर असेल तर ३२ भागिले ४, म्हणजे एफ ८. ८ मीटरवर असेल तर एफ ४. भिंतीवरून वळवला तर उजेड बराच घटतो, तेव्हा छिद्र दोन-तीन टप्पे मोठे करावे. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून रंगमंचावर मोबाइलचा दिवा चमकवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. पुढच्या रांगेतल्या डोक्यांखेरीज त्यात काही उजळत नाही.

राहता राहिला रंग. दुपारचा प्रकाश आणि फ्लॅश हे सुमारे ५५०० केल्विनचे, म्हणजे पांढरेशुभ्र. जुना पिवळा बल्ब २८०० च्या आसपास आणि तेलाची ज्योत तर २००० च्याही खाली. म्हणून समईच्या सोनेरी खोलीत फ्लॅश उडाला की माणूस निळसर आणि खोली पिवळी, अशी फाटाफूट दिसते. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी पारदर्शक कागदाचा तुकडा चिकटवावा. पाहुणा यजमानाच्या रंगात रंगतो.

जिथे पाहुण्याने येऊच नये

काही ठिकाणी मात्र फ्लॅश बाहेरच ठेवणे हा सभ्यपणा असतो, आणि कधी तो नियमही असतो. अजिंठ्याच्या चित्रलेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. वाघोरा नदीच्या वळणावर कोरलेल्या त्या लेण्यांच्या आत फारच थोडा उजेड पोहोचतो. तरीही बिनॉय बहल यांनी १९९१ पासून तिथल्या चित्रांचे फोटो घेतले, ते प्रखर दिवे न लावता, आहे त्या मंद उजेडात शटर दीर्घकाळ उघडे ठेवून. ज्या रंगछटा झगझगीत दिव्याखाली फिक्या पडत, त्या त्यांच्या फोटोंत पुन्हा भरल्या अंगाने दिसू लागल्या. कमी उजेड हा नेहमीच अडथळा नसतो. धीर धरणाऱ्याला तो पुष्कळ देऊन जातो.

पोहरादेवीलाही हेच लागू आहे. बंजारा रीतीप्रमाणे भोग लावतात तेव्हा अग्नीत तूप आणि गोडाचा नैवेद्य अर्पण करतात आणि अरदास म्हणतात. त्या ज्वाळेचा उजेड बसलेल्यांच्या चेहऱ्यावर खालून पडतो, वर-खाली होतो आणि आरशाआरशांतून हलतो. हा फोटो फ्लॅशने घेता येत नाही. घेतला तर अग्नी विझल्यासारखा दिसतो. शिवाय प्रार्थनेत गढलेल्या माणसाच्या डोळ्यांवर उजेड उडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आधी विचारावे. पुजाऱ्यांना विचारावे, ज्या बाईचा फोटो घ्यायचा तिला विचारावे. "नको" म्हटले तर हात जोडून कॅमेरा खाली करावा. आणि काढलेला फोटो तिला पाठवावा. अंगभर कलाकुसर घेऊन आलेल्या बाईला देखावा समजून टिपणे आणि घरच्या माणसासारखा तिचा फोटो काढणे यांत अंतर आहे, आणि ते फोटोतही दिसते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नगारा हे बंजारा समाजाचे मानाचे वाद्य. त्या नगाऱ्याच्याच आकाराची ही इमारत आहे. कोणत्याही संग्रहालयात तेथला नियम आधी विचारावा. परवानगी असली तरी काचेपुढे फ्लॅश उडवू नये. कपाटाऐवजी आपलाच लखलखाट पदरी पडतो. भिंग काचेच्या अगदी जवळ न्यावे, जरा तिरके उभे राहावे आणि अंगात गडद कपडे असावेत, म्हणजे काचेत आपण दिसत नाही.

मी मराठीचा शिक्षक; माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर फ्लॅश नुसते नाम सांगतो आणि जागेचा उजेड त्याला विभक्ती लावतो. "आजी" एवढे फ्लॅश सांगेल. आजी कुठे बसल्या होत्या, कोणत्या वेळी, कोणाच्या उंबरठ्याशी, हे दाराचा उजेड सांगतो. पंचवीस वर्षांनी नातवंडांना हेच नाते हवे असते.

तेव्हा या दिवाळीत एक करून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, सूर्यास्तानंतर सुमारे वीस मिनिटांनी, बाहेरचे आभाळ निळे असते आणि घरातल्या पणत्यांचा उजेड जवळजवळ त्याच्याच तोलाचा होतो. ही संधी पाव तासाहून अधिक टिकत नाही. त्या वेळी ट्यूबलाइट बंद करा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला खिडकीशी बसवा, हाताजवळ दोन-चार पणत्या ठेवा, आवडते लुगडे किंवा जुना कोट अंगात असू द्या. फ्लॅश बंद. मोबाइलवर बोट चेहऱ्यावर टेकवा, उजेड जरा खाली ओढा, कोपरे टेबलावर टेकवा आणि चार-पाच फोटो घ्या. मग त्यांतला एक कागदावर छापून घ्या आणि मागे पेनाने नाव, गाव व तारीख लिहा. फराळाच्या ताटाचा फोटो उद्याही काढता येईल. हा आजच काढा.